पॅलेस्टिनी बाळंतिणींचं नैराश्य: ‘तिथे कुणालाही वाईट वाटेल’ हे उत्तर पुरत नाही

प्रश्न: मी एम.एस्सी. नर्सिंगला आहे. पॅलेस्टिनी मातांमधलं बाळंतपणानंतरचं नैराश्य आणि त्यामागची कारणं हा माझ्या सेमिनारचा विषय आहे. वाचताना दोन शंका आल्या. इतक्या भीषण परिस्थितीत कुणीही दुःखी होईल, मग त्याला आजार का म्हणायचं? आणि परिस्थिती बदलणारच नसेल तर उपचारांनी काय साधणार?

उत्तर: दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करते, कारण ती मला जास्त खटकते. ‘तिथली परिस्थितीच तशी आहे’ असं म्हणून आजारी बाईला तसंच सोडून देणं हा तिच्यावर अन्याय आहे, मग ते कितीही कळवळ्याने म्हटलेलं असो. मी अनेक वर्षं बाळंतिणींच्या मानसिक आजारांवर काम करते आहे. घरातली गरिबी तीच, डोक्यावरचं कर्ज तेच, नवऱ्याचं दारू पिणं तेच, आणि तरीही नैराश्यातून बाहेर आलेल्या बायका मी पाहते. त्यांचे प्रश्न सुटलेले नसतात. पण त्या बाळाला जवळ घेऊ लागतात, दोन घास जेवतात, कुणाकडे तरी मदत मागायला उठतात. अडचणींशी झगडायला लागणारं बळ हा आजारच काढून घेत असतो, म्हणून अडचणी जितक्या मोठ्या तितकी उपचारांची गरजही मोठी.

पहिली शंका मात्र रास्त आहे आणि पॅलेस्टाईनच्या बाबतीत तिला बगल देता येत नाही. तिथले मानसोपचारतज्ज्ञ स्वतःच ती वारंवार मांडतात. तिच्याकडे येतेच.

आधी एक फरक पक्का करून घ्या. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं, चिडचिड होणं, उगाच भरून येणं हे बहुतेक बायकांना होतं आणि दहा-पंधरा दिवसांत आपोआप ओसरतं. वार (प्लॅसेंटा) पडल्यावर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं झपाट्याने खाली येतात, त्याचा यात वाटा असतो. नैराश्य हा वेगळा प्रकार. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास, कशातच गोडी नाही, बाळ झोपलेलं असतानाही डोळा लागत नाही, आपण आई म्हणून नालायक आहोत असं सतत वाटतं, मरणाचे विचार येतात. बाळ वर्षाचं होईपर्यंत हे कधीही सुरू होऊ शकतं, आणि पुष्कळदा त्याची सुरुवात गरोदरपणातच झालेली असते. तिसरा प्रकार विरळा, हजारात एक-दोन बायकांना होणारा: भास, भलत्याच शंका, दिवसरात्रीचं भान सुटणं. त्यात थांबायचं नसतं, लगेच दवाखान्यात न्यायचं असतं.

आता आकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने विकसनशील देशांत बाळंतपणानंतर सुमारे २० टक्के मातांना मानसिक आजार होतो, मुख्यतः नैराश्य. पॅलेस्टाईनमधला एक अभ्यास वेस्ट बँकेतल्या बेथलेहेम शहरात झाला आणि २०१६ साली प्रसिद्ध झाला. माता शंभरेकच होत्या, पण त्यांचा काही काळ पाठपुरावा केला होता. चारपैकी एकीहून थोड्या अधिक मातांमध्ये नैराश्याची ठळक लक्षणं आढळली. या आकड्याशेजारी आपला आकडा ठेवून पाहा. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेला आणि २००२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. त्यात २३ टक्के माता बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी नैराश्यात होत्या. भारतभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आकडाही २२ टक्क्यांच्या आसपास येतो.

म्हणजे ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझाचं युद्ध सुरू होण्याआधीची बेथलेहेमची बाई आणि म्हापशाची बाई यांच्यात या आकड्यापुरतं फार अंतर नव्हतं. सेमिनार इथून सुरू करा असं मी सुचवेन. पॅलेस्टिनी बाई म्हणजे फक्त युद्धाची बळी, असं धरून चाललं की तिच्या घरात डोकवायचं राहून जातं. गोव्याच्या अभ्यासात पुढे आलेली कारणं होती पैशाची ओढाताण, नवऱ्याशी बिघडलेलं नातं आणि मुलगी झाल्याची नाराजी. गरोदरपणातलं नैराश्य, पूर्वी होऊन गेलेला मानसिक आजार, नको असताना राहिलेला गर्भ, घरातली मारहाण, अवघड बाळंतपण, आजारी किंवा अपुऱ्या दिवसांचं बाळ, सासरचा जाच आणि हक्काच्या माणसाची उणीव ही कारणं जगात सगळीकडे सापडतात, पॅलेस्टाईनमध्येही. मुलगा हवा हा दबाव तिथेही आहे. बाईला ‘उम्म’ म्हणजे अमक्याची आई अशी हाक मारतात, आणि ते नाव सहसा थोरल्या मुलाचं असतं. तीन मुलींनंतर चौथ्यांदा बाळंत होणाऱ्या बाईच्या मनावर काय ओझं असेल ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

आणखी एक गैरसमज काढून टाका. युद्धाआधी वेस्ट बँक आणि गाझा या पॅलेस्टाईनच्या दोन भागांत आरोग्यसेवाच नव्हती असं नाही. जवळजवळ सगळी बाळंतपणं दवाखान्यात होत होती, लसीकरण उत्तम होतं, बायका शिकलेल्या होत्या. निर्वासितांसाठी संयुक्त राष्ट्रांची जी संस्था १९५० पासून काम करते, त्या यूएनआरडब्ल्यूएची माता-बाल केंद्रं वस्त्यावस्त्यांत होती. बाईचं वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन नीट नोंदलं जायचं. तिच्या मनाची विचारपूस मात्र या ठरलेल्या कामात फारशी बसत नसे. हे आपल्याकडच्या प्रसूतिपश्चात तपासणीलाही लागू आहे, आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी ते मनावर घ्यावं असं मला कळकळीने वाटतं.

मग पॅलेस्टाईनचं वेगळेपण कुठे आहे? माझ्या मते तिथला इस्रायलचा लष्करी ताबा या नेहमीच्याच कारणांना बळ देतो आणि बाईला सावरणाऱ्या गोष्टी एकेक करून काढून घेतो.

नवऱ्याचा आधार घ्या. नवरा चांगला असेल तर बाई बरंच सोसून जाते, हे प्रत्येक देशातल्या अभ्यासात दिसतं. पण तोच तुरुंगात असेल तर? इस्रायली लष्करी कायद्याखाली प्रशासकीय स्थानबद्धता नावाची तरतूद आहे. आरोपपत्र नाही, खटला नाही, एका वेळी सहा महिन्यांपर्यंतचा हुकूम, आणि तो पुन्हा पुन्हा वाढवता येतो. पोटुशी बायको दिवस मोजू शकत नाही, कारण मोजायला शेवटची तारीखच नसते. किंवा नवरा घरात आहे पण कमाई गेली आहे. ऑक्टोबर २०२३ नंतर वेस्ट बँकेतल्या लाखाहून अधिक कामगारांचे इस्रायलमध्ये कामाला जायचे परवाने बंद झाले. रिकाम्या हाताने घरी बसलेला पुरुष, त्याची चिडचिड, उधारी, आणि त्यात नवं बाळ.

बाळंतपणाच्या कळांचं काय होतं तेही पाहा. २००० साली इस्रायली ताब्याविरुद्ध पॅलेस्टिनींचा दुसरा उठाव सुरू झाल्यानंतरच्या काही वर्षांत साठाहून अधिक बायका लष्करी तपासणी नाक्यांवर अडकून तिथेच बाळंत झाल्याची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांत आहे. त्यातली कितीतरी बाळं दगावली. अशी वेळ प्रत्यक्ष थोड्या जणींवर आली, पण धसका सगळ्या गरोदर बायकांनी घेतला. कळा सुरू झाल्या आणि नाका बंद असला तर, हा विचार सातव्या-आठव्या महिन्यापासून डोक्यात घोळत राहतो. गरोदरपणातली अशी सततची काळजी पुढच्या नैराश्याची पक्की सूचना देते, हे तर आपण पाठ्यपुस्तकातच शिकतो. जानेवारी २०२५ पासून जेनिन, तुलकर्म आणि नूर शम्स या वेस्ट बँकेतल्या निर्वासित छावण्यांतून सुमारे ४० हजार माणसांना घर सोडावं लागलं. त्यातल्या गरोदर बायकांचा नेहमीचा दवाखाना, ओळखीची सिस्टर, तपासणीचे कागद हे सगळंच मागे राहिलं.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांची गोष्ट तर ऐकवत नाही. गाझामधली नाजूक बाळं युद्धाआधी पूर्व जेरुसलेमच्या मकासेद रुग्णालयात पाठवली जात. बाळासोबत आईला जायचा परवाना मिळेलच असं नसे, आणि मिळाला तरी तो संपायचा. आई गाझात, बाळ जेरुसलेमच्या काचपेटीत, असे दिवस कित्येकींनी काढले. नोव्हेंबर २०२३ मध्ये गाझा शहरातल्या अल-शिफा रुग्णालयातून ३१ अपुऱ्या दिवसांची बाळं रफाहला हलवली गेली आणि दुसऱ्या दिवशी त्यातली २८ इजिप्तला गेली. काहींबरोबर घरचं कुणीच नव्हतं. बाळ जन्मल्यावर पहिल्या दिवसांत त्याला अंगाशी धरायला न मिळणं हे कुठल्याही आईच्या मनासाठी धोक्याचं. इथे तर सीमाच मधे उभी होती.

सावरणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बाळंतिणीचा चाळीस दिवसांचा काळ. आपल्या सव्वा महिन्यासारखाच. बाईची आई येऊन राहते किंवा बाई माहेरी जाते, घरात कोंबडीचं सूप शिजतं, शहाजिऱ्यासारख्या कराविया नावाच्या दाण्यांची भुकटी घालून केलेली गोड खीर येणाऱ्याजाणाऱ्यांना देतात, बायका बसून बाळंतिणीच्या मागे लागून तिला खायला घालतात. या सगळ्याचा औषधी उपयोग काय ते बाजूला ठेवा. तिला आराम मिळतो, तिच्या वाट्याचं काम दुसरं कुणी करतं, आणि ती आई झाली याचा घरादाराला आनंद आहे हे तिला दिसतं. एवढी मदत मिळाली तर नैराश्याचा धोका कमी होतो. आणि नेमकं हेच मोडलं आहे. आई दुसऱ्या बाजूला अडकलेली, वाटेवर नाके, माहेरचं घर पाडलेलं, बहिणी विखुरलेल्या.

गाझामध्ये ऑक्टोबर २०२३ नंतर जे झालं त्याला जुने आकडे लावूच नका. युद्ध सुरू झालं तेव्हा तिथे सुमारे ५० हजार गरोदर बायका होत्या आणि दिवसाला १८० च्या आसपास बाळंतपणं होत होती, असा संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा अंदाज होता. पुरेशी भूल न देता झालेली सिझेरियन, बाळंत झाल्यावर काही तासांतच खाट रिकामी करणं, टाके ओले असताना तंबूत परतणं, तिथे पाणी नाही, पॅड नाहीत, शौचालयासाठी रांग. पुन्हा पुन्हा विस्थापन. २२ ऑगस्ट २०२५ रोजी गाझा शहराच्या परिसरात दुष्काळ, म्हणजे अधिकृत निकषांवर भूकबळींची अवस्था, जाहीर झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये युद्धविराम झाला, पण त्या काळात बाळंत झालेल्या बाईचं वर्ष त्यामुळे मागे फिरत नाही. भाऊ गेला, थोरलं मूल गेलं आणि मांडीवर नवं बाळ आहे, अशा बाईचं शोक आणि नैराश्य सुईने वेगळं काढता येईल असं मला वाटत नाही.

दुधाबद्दल सविस्तर लिहिते, कारण सिस्टरचं काम इथे डॉक्टरपेक्षा मोठं आहे. भीतीने दूध आटतं असं तिथेही म्हणतात आणि आपल्याकडेही. खरं असं की घाबरलेल्या अवस्थेत ऑक्सिटोसिन हे दूध उतरवणारं संप्रेरक नीट सुटत नाही, त्यामुळे दूध उतरायला वेळ लागतो. दूध तयार होणं थांबलेलं नसतं. बाळ ओढत राहिलं तर ते तयार होत राहतं, आणि आई फारच उपाशी असेल तरच लक्षात येण्याइतकं कमी होतं. पण तंबूत आडोसा नाही, पंधरा माणसं आजूबाजूला. बाई बाळाला अंगावर घ्यायला संकोचते. पाजणं कमी झालं की दूध कमी होतं. मग शेजारीण म्हणते, तुझं दूध पुरत नाही. पावडरचा डबा मिळाला तर तो गढूळ पाण्यात कालवायचा, बाळाला जुलाब, आणि आईच्या मनात पक्कं बसतं की मी माझ्या लेकरालाही पोसू शकत नाही. हा अपराधभाव नैराश्याचा गाभा आहे. कुणीतरी शेजारी बसून बाळ उघड्या अंगाने छातीशी लावून दिलं, पडद्याची सोय केली, आईला आधी पाणी आणि खाणं दिलं, दूध येतंय हे तिला दाखवून दिलं, तर तो एकाच वेळी बाळाचा आणि तिच्या मनाचा उपचार असतो. गोव्यातल्याच मातांच्या पुढच्या पाहणीत नैराश्यग्रस्त आयांची बाळं सहा महिन्यांची झाली तेव्हा वजनात मागे पडलेली दिसली होती. जिथे बाळांना आधीच पुरेसं अन्न मिळत नाही तिथे याचा अर्थ किती गंभीर होतो ते पाहा.

आता तुमची पहिली शंका: आजार का म्हणायचं? ती मोजमापाच्या प्रश्नापासून वेगळी करता येत नाही. बहुतेक अभ्यास एडिनबरो प्रश्नावली वापरतात. १९८७ साली स्कॉटलंडमध्ये जॉन कॉक्स आणि सहकाऱ्यांनी ती केली. दहा प्रश्न, मागच्या सात दिवसांबद्दल, कमाल गुण ३०. तिची अरबी आवृत्ती संयुक्त अरब अमिरातीत तपासून १९९७ साली प्रसिद्ध झाली. साधन चांगलं आहे, मीही रोज वापरते. पण चौथा आणि पाचवा प्रश्न नीट वाचा. काही खास कारण नसताना काळजी वाटली का, कारण नसताना भीती वाटली का, असं ते विचारतात. गाझातल्या खान युनिस शहरातल्या बाईने याला काय उत्तर द्यावं? घाबरायला तिच्याकडे सबळ कारण आहे. ती ‘नाही’ म्हणाली तर गुण कमी पडतात आणि आजार निसटतो. ‘हो’ म्हणाली तर रास्त भीती आजारात मोजली जाते. अशा ठिकाणी नुसती बेरीज पाहून बाईला शिक्का मारणं मला मान्य नाही.

माझी पद्धत सांगते. मी भीतीपेक्षा आनंद आणि अपराधभाव यांच्याकडे जास्त लक्ष देते. थोडी शांतता असलेल्या एखाद्या दिवशी झोप लागते का? बाळ हसलं तर आत काही हलतं का, की काहीच वाटत नाही? बाळाकडे पाहणं टाळते का? झाल्या गोष्टींचा दोष स्वतःला देते का? त्याच तंबूतल्या, तेच सोसलेल्या इतर बायकांच्या तुलनेत तिचं उठणं-बसणं, स्वच्छता, बोलणं पार थांबलंय का? सोबतच्या बायकांना हे बरोबर कळतं. ‘ही आता आमच्यातही बसत नाही’ असं त्या सांगतात, आणि ती माहिती प्रश्नावलीइतकीच मोलाची असते. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तो एकांतातच विचारायचा. माझ्या ओपीडीत सासू शेजारी असताना सगळ्या प्रश्नांना ‘नाही’ म्हणणारी बाई, बाळाचं वजन करायला सासूला पलीकडे पाठवलं की दहाव्या प्रश्नाशी थांबते आणि कागदावर नुसतं बोट ठेवते. तंबूत असा एकांत मिळवणं हे काम करणाऱ्यांचं पहिलं कौशल्य. आणि हिमोग्लोबिन पाहिल्याशिवाय थकव्याला नैराश्य म्हणू नका. रक्तक्षय आणि थायरॉइड दोन्ही त्याचं सोंग आणतात.

तिथल्या तज्ज्ञांचं म्हणणं सेमिनारमध्ये जरूर घ्या. इयाद अल-सर्राज यांनी १९९० साली गाझामध्ये सामुदायिक मानसिक आरोग्याचा कार्यक्रम उभा केला. बिरझैत विद्यापीठातल्या रीटा जकामान यांनी वर्षानुवर्षं मांडलं की पॅलेस्टिनी माणसाच्या यातना केवळ रोगनिदानाच्या चौकटीत बसवू नका, त्यामागच्या अन्यायाकडे पाहा. मानसोपचारतज्ज्ञ समाह जब्र विचारतात की जो आघात अजून चालूच आहे त्याला ‘आघातानंतरचा’ ताण कसं म्हणायचं. मला हे पटतं. पण यातून काहीजण ‘मग उपचार नकोतच’ इथे पोचतात, तिथे मी त्यांच्याबरोबर नाही. चिवटपणे टिकून राहणं ही तिथे मोठी मानाची गोष्ट आहे, आणि आईने खंबीर असावं ही अपेक्षा तर आणखी कडक. त्यामुळे मन हरवलेली बाई ते बोलत नाही. डोकं दुखतं, अंग दुखतं, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं म्हणते आणि वेदनाशामक गोळी घेऊन परत जाते. तिचं दुखणं अन्यायातून आलेलं आहे हे मान्य करायचं आणि तिला उपचारही द्यायचे, या दोन्ही गोष्टी एकाच तपासणीत करता येतात.

उपचार कोणते? मानसोपचारतज्ज्ञांची फौज लागत नाही. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत आतिफ रहमान यांनी गावच्या आरोग्यसेविकांना साध्या संवादपद्धती शिकवल्या. २००८ साली त्याचे निकाल आले: बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा मदत मिळालेल्या मातांपैकी २३ टक्के नैराश्यात होत्या, इतरांपैकी ५३ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली त्याची पुस्तिका काढली. पुढे गोव्यात हेच काम वस्तीतल्या बायकांनी ‘सखी’ म्हणून केलं. तिथला परिणाम माफक होता, पण खर्च थोडा आणि कामाला माणसं वस्तीतलीच. गाझामध्ये सप्टेंबर २०२४ मध्ये भर युद्धात पाच लाखांहून अधिक मुलांना पोलिओचा डोस पाजला गेला. म्हणजे आया लेकरं घेऊन एका ठिकाणी येतात. त्याच रांगेत दोन प्रश्न विचारता येतात: गेल्या दोन आठवड्यांत मन उदास होतं का, कशात गोडी वाटली नाही असं झालं का. ‘हो’ म्हणणाऱ्या बाईशी नंतर कुणी बोलायचं ते मात्र आधी ठरलेलं हवं. पुढची सोय नसताना नुसते प्रश्न विचारत सुटणं मला क्रूर वाटतं.

तीव्र आजारात गोळ्या लागतात. पाजणाऱ्या आईसाठी सर्ट्रालिनला पहिली पसंती, कारण ते दुधात फारच कमी उतरतं. पण जिथे औषधाचा पुरवठा मधेच तुटू शकतो तिथे विचार करावा लागतो. सर्ट्रालिन एकदम थांबलं तर चक्कर, अस्वस्थता असा त्रास होतो. फ्लुओक्सेटिन शरीरातून सावकाश जातं, त्यामुळे काही दिवस चुकले तरी निभतं, पण ते दुधात तुलनेने जास्त उतरतं. कुठलं द्यायचं ते पुढचा साठा कधी येणार यावर ठरतं, आणि हा निर्णय तिथे हजर असलेल्या डॉक्टरनेच करावा.

स्लाइड करताना एवढं पाळा. वेस्ट बँक, गाझा, आणि जॉर्डन-लेबनॉनमधल्या निर्वासित छावण्या यांचे आकडे एकत्र करू नका, कारण तिथल्या बायकांचं जगणं वेगवेगळं आहे. प्रत्येक टक्केवारीशेजारी ठिकाण, वर्ष, बाळंतपणानंतरचा कितवा आठवडा आणि प्रश्नावलीत किती गुणांवर रेघ ओढली ते लिहा. कुणी १० वर ओढतं, कुणी १३ वर, आणि तेवढ्यानेच आकडा कितीतरी हलतो. ऑक्टोबर २०२३ च्या आधीचे आणि नंतरचे अभ्यास दोन वेगळ्या तक्त्यांत मांडा.